ओपन द डोअर, प्लीज

पॅकहाऊसच्या कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग भरणार असं कळलं, तेव्हा बायका इतक्या हसल्या की टेबलांवर चालणाऱ्या कात्र्या थांबल्या. सायखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच हे पॅकहाऊस. शेतातून क्रेट भरून द्राक्षं येतात, लांबलचक टेबलांशी उभ्या बायका घडातले खराब मणी कात्रीने काढतात, घड डब्यांत बसवतात, डबे थंड होतात आणि कंटेनरमधून परदेशी जातात. या कामात बोलायची गरज पडते ती फक्त आपसांत, आणि आपसांत बोलण्यात या बायका कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण इंग्रजी?

"म्हंजी आता मणी काढताना त्याला सॉरी म्हणायचं का गं?" मालनबाईने विचारलं, आणि पुन्हा सगळं टेबल हसायला लागलं. मालनबाई म्हणजे या टेबलाची पुढारी. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण ती बोलली की बाकीच्यांचं बोलून झालेलं असायचं.

या वर्गाला कारण होतं. गेल्या हंगामात, माल घेणाऱ्या हॉलंडच्या कंपनीकडून इंग्रिड नावाच्या मॅडम तपासणीला आल्या होत्या. त्यांनी बायकांना प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मॅनेजर शेखर साहेबांनी दिलं. 'तुमचं नाव काय' असं विचारलं, तरी साहेबच बोलले. जाताना मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी मी यांच्याशीच बोलेन, तुमच्याशी नाही. झालं! साहेबांनी नाशिकहून वेदिका मॅडमना आणलं. कॉलेज रोडवरच्या कुठल्याशा क्लासात शिकवणारी ही पोरगी रोज जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवरून यायची, हेल्मेट काढायची आणि केस नीट करायच्या आधीच 'गुड आफ्टरनून' म्हणायची.

पहिला धडा दाराचा होता. वेदिकाने एकीला कँटीनबाहेर उभं केलं, दार लावलं आणि सांगितलं, आता इंग्रजीत म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. ओपन द डोअर, प्लीज. क्लोज द डोअर, प्लीज. कम विथ मी, प्लीज. बायकांना हा खेळ फार आवडला. हमीदाला तर इतका आवडला, की घरी जाऊन ती शेळीलाही 'कम हिअर, प्लीज' म्हणू लागली. हमीदा चाळिशी ओलांडलेली, सातवीनंतर शाळा सुटलेली. शाळा सुटली याचं वाईट वाटायचं तिचं वयच निघून गेलं होतं. आता मात्र फळ्यासमोर बसलं की तिला आतून कसं हलकं हलकं वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बायकांनी चिडवून चिडवून जीव नकोसा केला असता.

घोडं अडलं ते एकेकीला बोलायला लावल्यावर. टेम्पोवाल्यांना जागच्या जागी गप्प करणारी मालनबाई 'माय नेम इज' एवढं म्हणून लाजली आणि पदर तोंडाशी नेऊन खाली बसली. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. शेवटी वेदिकाने सगळ्यांना एकदम म्हणायला लावलं. ती हात वर करायची आणि सगळ्या जणी आरतीसारख्या एका सुरात उत्तर द्यायच्या. मग काय विचारता! एकटीला न येणारं वाक्य सगळ्यांच्या आवाजात आपोआप यायचं. वेदिकाला बरं वाटलं, साहेबांना तर फारच बरं वाटलं. ही सवय एक दिवस गळ्याशी येईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

आधी ती सखुबाईच्या जिवाशी आली.

सखुबाई कळवणकडची, हंगामापुरती आलेली. तिचं काम चेंबरमध्ये होतं. चेंबर म्हणजे भरलेले डबे थंड करायची मोठी खोली. तिथे डब्यांचे थर रचलेले असायचे आणि त्यांवर लेबलं चिकटवायची ती. एके दिवशी जेवणाची सुट्टी झाली, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून गोरक्ष ऑपरेटरने चेंबरचं जाड दार लोटून दिलं, आणि सखुबाई आतच राहिली. अशा दाराला आतून एक खटका असतो. तो दाबला की बाहेरची कडी सुटते. हा खटका कधीचा मोडला होता. सखुबाईने दार बडवलं. किती बडवलं ते नंतर तिचे हात बघून कळलं. पण चेंबरच्या भिंतीपलीकडे कँटीन होतं, आणि कँटीनमध्ये सगळ्या बायका बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या, "ओपन द डोअर, प्लीज!"

हमीदाला मध्येच कसलीशी धपधप ऐकू आली होती. बाहेर क्रेट उतरवत असतील असं तिला वाटलं, आणि तिने आपला आवाज आणखी चढवला.

सुट्टी संपल्यावर दार उघडलं तेव्हा सखुबाई दाराशीच मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे, बोटं काळीनिळी. तिला दवाखान्यात नेलं, ती वाचली, आणि तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर साहेबांनी इन्शाला उभं केलं. इन्शा हमीदाची लेक. बारावी झालेली, लेबलावरचं इंग्रजी वाचता येणारी, म्हणून.

"खटका उद्याच बसवून घेतो, भाभी," साहेब हमीदाला म्हणाले होते. तो उद्या काही उजाडेना. दार दुरुस्त करायचं तर चेंबर बंद ठेवावं लागणार, आणि भर हंगामात चेंबर बंद ठेवणं म्हणजे मालाची माती. इन्शा आत जाताना दारात एक रिकामा क्रेट अडकवून ठेवायची. गारवा जातो म्हणून गोरक्ष तो पायाने सरकवून द्यायचा. ती पुन्हा ठेवायची, तो पुन्हा सरकवायचा. हमीदाचं कामात लक्ष लागेना. कात्री घडावर आणि डोळे त्या दाराकडे. दार लोटल्याचा आवाज आला, की ती पाणी प्यायचं निमित्त करून तिकडे जायची आणि बाहेरची कडी उचलून बघायची.

तपासणी जवळ आली तसा साहेबांनी एक उद्योग केला. मोडक्या खटक्यावर नवीकोरी हिरवी मूठ बसवली. दिसायला झकास. दाबली की आत जायची, सोडली की बाहेर यायची. दाराशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

त्याच दिवशी फळ्यावर नवा प्रश्न आला. दरवाजे आतून उघडतात का? वेदिकाने हात वर केला आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, "येस, मॅडम, एव्हरी डोअर ओपन्स फ्रॉम इन्साइड."

"हमीदाकाकू, तुमचे ओठ हलत नाहीयेत," वेदिका म्हणाली.

"मॅडम, ते दार आतून उघडत नाय."

जेवणाच्या डब्यांची झाकणं लावायचे आवाज थांबले.

"साहेब म्हणाले, दुरुस्त झालंय," वेदिका म्हणाली.

"मूठ बसवली. दार नाय दुरुस्त केलं. माझी पोरगी हाय त्याच्याआड."

वेदिकाने खडू या हातातून त्या हातात घेतला. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला हे खरं वाटलंय, आणि खरं वाटल्याचाच तिला त्रास होतोय. "काकू, आपण इथे इंग्रजी शिकतोय ना? दाराचं तुम्ही साहेबांशी बोला." एवढं बोलून तिने पुन्हा हात वर केला. पुन्हा सगळ्या म्हणाल्या. आणि हमीदाला शरम वाटली, पण ओठ हलले नाहीत तर सगळ्या आपल्याकडे बघतात हेही तिला सोसवेना. तीही म्हणाली. त्या दिवशी म्हणाली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, रोज म्हणत गेली. वाक्य तोंडात असं बसलं की भाकरी थापतानासुद्धा ते आपोआप यायचं, आणि आलं की तिला स्वतःचा राग यायचा.

ती साहेबांशीही बोलली. साहेब काही राक्षस नव्हते. हंगामात धड जेवत नव्हते, दिवसभर फोनवर कुणाकुणाच्या शिव्या खायचे. पण घाबरलेला माणूस ऐकून घेत नाही. "भाभी, मॅडमनी दाराचं ऐकलं तर कंटेनर थांबले म्हणून समजा. कंटेनर थांबले, तर ही सगळी टेबलं उद्या रिकामी. एका पोरीपायी सगळ्यांच्या पोटावर पाय देणार का तुम्ही? हंगाम संपू द्या. दार मी स्वतः उभा राहून बदलून घेतो."

घरी हमीदाने लेकीला सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. इन्शा पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मैं नहीं गई तो दूसरी कोई जाएगी ना अंदर. उसकी अम्मी नहीं है क्या?"

हमीदाला राग आला, आणि त्या रागाखाली असा अभिमान वाटला की तिने उगाच भांडी आपटली.

तपासणीच्या आदल्या दिवशी, घरी जायच्या रिक्षात मालनबाई तिच्या शेजारी येऊन बसली. बाकीच्या मुद्दामच गप्प बसल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं.

"हमीदा, उद्या तू गप ऱ्हा," मालनबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "हंगामाचे थोडेच दिस राह्यले. माझ्या घरात हेच काम हाय, दुसरं नाय. तुझ्या पोरीवर मी नजर ठेवते. देवाशपथ ठेवते."

"सखूवर कुणी ठेवली व्हती?" हमीदाने विचारलं.

मालनबाईने तोंड फिरवलं आणि गोदाकाठच्या बागांकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पॅकहाऊस लग्नघरासारखं चकचकीत होतं. नवे एप्रन, नव्या टोप्या, फरशीवर एक मणी नाही. इंग्रिड मॅडम उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात टॅबलेट. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे वेदिका. त्यांनी चेंबर बघितलं. साहेबांनी दार सताड उघडं ठेवायला गोरक्षला सांगितलंच होतं. मॅडमनी हिरव्या मुठीकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे गेल्या. हमीदाने हे लांबून पाहिलं.

मग मॅडम टेबलाशी आल्या. मालनबाईच्या शेजारी थांबल्या, जरा वाकल्या आणि प्रेमाने फक्त तिला विचारलं, "आर यू हॅपी हिअर?"

मालनबाईने तोंड उघडलं. आणि त्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या बायका, घडावरची नजर न काढता, कात्री न थांबवता, एका सुरात गरजल्या, "येस, मॅडम, वुई आर व्हेरी हॅपी!"

मॅडम दचकून मागे सरकल्या. वेदिकाने डोळे मिटून घेतले. आपलं काहीतरी चुकलं हे बायकांना कळलं, पण काय चुकलं ते कळेना. वर्गात तर असंच म्हणायचं होतं! मॅडमनी दुसऱ्या टेबलाशी जाऊन एकीला 'जेवायला सुट्टी मिळते का' विचारलं, तर दोन्ही टेबलं मिळून म्हणाली, "येस, मॅडम, एव्हरी डे!" मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं. त्या साहेबांकडे वळून हळू पण कडक आवाजात काही बोलल्या. साहेब लाल झाले. मग मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली. का कुणास ठाऊक, ती हमीदावर येऊन थांबली. कदाचित एकटी तीच ओठ घट्ट मिटून उभी होती म्हणून.

"यू. कम विथ मी. अलोन."

साहेब पुढे झाले, वेदिका पुढे झाली. मॅडमनी दोघांनाही हात दाखवून जागीच थांबवलं. हमीदाने कात्री खाली ठेवली. मालनबाईच्या जवळून जाताना तिने तिच्याकडे पाहिलं. मालनबाईचे डोळे विनवत होते.

मॅडम तिला कँटीनमध्ये घेऊन आल्या. त्याच बाकावर बसवलं, जिथे ती रोज बसायची. समोर फळा, पुसूनही पांढरट राहिलेला. हमीदाने ठरवलं होतं. रात्रभर कूस बदलत ठरवलं होतं, संधी मिळाली तर सांगायचं. साहेब काहीही म्हणोत, मालनबाई काहीही म्हणो. मॅडमनी नाव विचारलं, तिने सांगितलं. हातमोजे मिळतात का विचारलं, तिने हो म्हटलं, ते खरंच मिळत होते. मॅडम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. चांगल्या बाई होत्या.

"डू द डोअर्स ओपन फ्रॉम इन्साइड?"

हाच तो प्रश्न. हमीदाने श्वास घेतला आणि तिच्या तोंडातून, तिला कळायच्या आत, वर्गातल्या त्याच सुरात बाहेर पडलं, "येस, मॅडम, एव्हरी डोअर ओपन्स फ्रॉम इन्साइड."

मॅडम हसल्या. टॅबलेटवर बोट टेकवलं. "गुड. थँक यू, हमीदा."

हे कोण बोललं? या तोंडाला आग लागो! ती 'नो, नो' म्हणाली, पण मॅडमना वाटलं ती आभार नको म्हणतेय, त्या आणखीच हसल्या आणि उठू लागल्या. हमीदा डोक्यात शब्द शोधू लागली. मोडलेलं याला काय म्हणतात? खोटं याला काय म्हणतात? सखुबाई दाराशी मुटकुळं होऊन पडली होती, हे इंग्रजीत कसं सांगायचं? इतके दिवस बसून शिकलो, आणि खरं बोलायला लागणारा एकही शब्द या फळ्यावर कधी लिहिला गेला नाही. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. मॅडमनी पर्स खांद्याला लावली, खुर्ची सरकवली, आणि त्या कँटीनच्या दाराकडे चालू लागल्या.

त्या दाराकडे बघून हमीदाला पहिला धडा आठवला.

ती धावतच पुढे गेली. "मॅडम! कम विथ मी, प्लीज."

मॅडम थांबल्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि काही न विचारता निघाल्या. हमीदा पुढे, मॅडम मागे. हॉलमध्ये आल्या तशा सगळ्या माना वर झाल्या.

"भाभी, कुठे चाललात?" साहेब हॉलच्या पलीकडच्या टोकाकडून ओरडले. हमीदाने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय थांबले असते. ती चेंबरच्या उघड्या दारातून आत शिरली, मॅडम आत आल्या, आणि हमीदाने दाराची आतली पकड दोन्ही हातांनी धरली.

"क्लोज द डोअर, प्लीज," ती म्हणाली आणि तिने स्वतःच अंगातल्या सगळ्या जोराने दार ओढून घेतलं. बाहेर कडी पडल्याचा आवाज झाला.

हॉलचा सगळा गलका एकदम तुटला. राहिली ती पंख्यांची घरघर आणि हाडांत शिरणारी थंडी. मॅडमच्या तोंडातून वाफ निघत होती. हमीदाने हिरव्या मुठीकडे बोट दाखवलं.

"ओपन द डोअर, प्लीज."

मॅडमनी मूठ दाबली. मूठ आत गेली, बाहेर आली. त्यांनी परत दाबली. मग टॅबलेट काखेत धरून दोन्ही हातांनी दाबली. मग खांदा लावून बघितला. दार ढिम्म. त्या वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती बघून हमीदाला समाधान वाटलं. हो, वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

तेवढ्यात डब्यांच्या थरामागून आवाज आला. "अम्मी?"

इन्शा. हातात लेबलांची गुंडाळी, नाकाचा शेंडा लाल. तपासणी होईपर्यंत आत जायचं नाही असं साहेबांनी तिला बजावलं होतं, पण लेबलं राहिली होती म्हणून पोरगी मागच्या थराशी काम करत होती. "अम्मी, ये क्या किया?"

हमीदाचं समाधान जागच्या जागी विझलं. बाहेर कुणाला काही सांगून ती आत आली नव्हती. गोरक्ष माल उतरवायला मागच्या फाटकाशी गेलेला. साहेब हॉलच्या त्या टोकाला, आणि मॅडमनीच त्यांना हात दाखवून थांबवलेलं. मॅडम आत तपासणी करताहेत असं समजून साहेब मुद्दामच लांब राहिले तर? ती दार बडवू लागली. मॅडम बडवू लागल्या. इन्शाही आली. जाड दारावर तिघींचे हात पडत होते, आणि आवाज त्या दारातच मुरत होता. सखुबाईनेही असंच बडवलं असेल, आणि मी तेव्हा पलीकडे बसून आवाज चढवत होते. हमीदाची बोटं बधिर व्हायला लागली. तिने इन्शाची बोटं आपल्या काखेत दाबून धरली आणि कोपराने दार ठोकत राहिली. "मालनबाई!" ती ओरडली. "मालनबाई गं!" इंग्रजी, मराठी, हिंदी, सगळं संपलं होतं, आता एवढं एकच नाव उरलं होतं. घसा बसला तरी ती तेच ओरडत राहिली.

बाहेर कडी खणकली.

दार सरकलं आणि उजेड आत आला. दारात मालनबाई उभी होती, धापा टाकत, टोपी डोक्यावरून घसरलेली, हातात अजून कात्री. तिच्या मागे साहेब होते. "मालनबाई, मी सांगतोय थांबा, जरा थांबा," असं म्हणत ते येत होते, आणि अजूनही तेच म्हणत होते.

"तुला गप ऱ्हा म्हणलं व्हतं ना मी?" मालनबाई हमीदावर कडाडली. पण बोलता बोलता तिने इन्शाला ओढून बाहेर घेतलं, आपला एप्रन काढून तिच्या अंगावर टाकला आणि तिचे गाल आपल्या तळव्यांनी चोळायला लागली.

इंग्रिड मॅडम बाहेर आल्या. साहेब काहीतरी सांगायला लागले, हसायचा प्रयत्न करू लागले. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ टेबलांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, थंडीने की रागाने कुणास ठाऊक.

"डू द डोअर्स ओपन फ्रॉम इन्साइड?"

सगळ्यांना उत्तर पाठ होतं. सगळ्यांच्या जिभेवर होतं. बायकांनी सवयीने वेदिकाकडे पाहिलं, तिचा हात वर जाण्याची वाट बघत. साहेबांनीही वेदिकाकडेच पाहिलं. वेदिकाचे दोन्ही हात खालीच होते. तिने ते ओढणीत घट्ट गुंडाळून घेतले होते.

"सगळ्यांनी मिळून नको," ती कशीबशी म्हणाली. "एकेकीने सांगा. तुमचं तुम्ही."

कन्व्हेअरचा पट्टा रिकामाच फिरत राहिला. हमीदाला वाटलं, संपलं. या बायकांना एकट्याने बोलताच येत नाही, आणि आलं तरी त्या का बोलतील? सगळ्यांच्या चुलीचा प्रश्न होता. तिला त्यांचा राग आला नाही, आणि राग येत नाही याचंच वाईट वाटलं.

मालनबाईने इन्शाला सोडलं. पदर सावरला. तो पदर आता तोंडाशी जाणार हे हमीदाला माहीत होतं. तो कमरेला गेला. मालनबाईने तो घट्ट खोचला.

"नो, मॅडम," ती म्हणाली.

मग तिच्या शेजारची म्हणाली. मग टेबलाच्या त्या टोकाची, जिचा आवाज वर्गात कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. एक खूप मोठ्याने म्हणाली, एक रडत म्हणाली, एकीने 'नो सर' म्हटलं आणि जीभ चावली. एकाही सुराचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. साहेब भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. सगळ्या टेबलांवरून फिरत उत्तर शेवटी हमीदापाशी आलं. मॅडम तिच्याकडे बघत होत्या. काखेतल्या टॅबलेटमध्ये तिचंच 'येस' अजून तसंच होतं.

"नो, मॅडम," हमीदा म्हणाली. एवढं पुरेसं नव्हतं. तिने आणखी शोधलं. "माय फ्रेंड सखुबाई. शी, इन्साइड. वुई, कँटीन." तिने भिंतीपलीकडे बोट दाखवलं, आणि मग आपल्या कानांवर हात ठेवले.

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं, चेंबरकडे पाहिलं, आणि त्यांना हळूहळू उमगत गेल्याचं सगळ्यांना दिसलं.

"हू इज सखुबाई?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर वर्गात कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. हमीदाने इन्शाचा गार हात आपल्या हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली.